पिशवीचा हिशेब : बीडच्या ऊसतोड महिला आणि ‘अज्ञान’ नावाची पळवाट

१/
एप्रिल २०१९. एका इंग्रजी अर्थविषयक दैनिकात बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांवरील वृत्तान्त प्रसिद्ध झाला आणि ‘गर्भाशय नसलेल्या बायकांची गावे’ हे शब्द देशभर फिरू लागले. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याच्या मुख्य सचिवांना नोटीस धाडली. जूनमध्ये विधान परिषदेत प्रश्न आला. तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढण्यात आल्याचे तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सभागृहाला सांगितले. #थ्रेड

२/
पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण झाले. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण दर सहा जणींत एक.

३/
आकडे शेजारी मांडताना सावधगिरी हवी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (चौथी फेरी) १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण महाराष्ट्रात २.६ टक्के आणि देशात ३.२ टक्के होते. ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणातील वयोगट नेमका तोच नव्हता, त्यामुळे ‘इतके पट’ असा गुणाकार करून मोकळे होणे बरोबर नाही. पण कोणत्याही रीतीने मोजले तरी १७ टक्के आणि अडीच टक्के यांच्यामधली दरी मोजणीच्या चुकीने पडत नाही.

४/
या दरीचे स्पष्टीकरण म्हणून सर्वाधिक वापरला गेलेला शब्द ‘अज्ञान’ हा होता. बाया अडाणी, डॉक्टरने कर्करोगाचे नाव घेताच घाबरल्या, आणि तिशीतच पिशवी काढून बसल्या. दुसरे स्पष्टीकरण ‘दुष्ट मुकादम’ हे : पाळीच्या सुट्ट्या नकोत म्हणून त्याने शस्त्रक्रिया करायला लावल्या. दोहोंत तथ्याचा अंश आहे. भीती घातली गेली, हे अनेक महिलांनी सांगितले आहे. मुकादमाचा धाकही खराच.

५/
तरीही ही दोन्ही स्पष्टीकरणे सोयीची आहेत, म्हणूनच ती टिकली. पहिल्यात दोष बाईच्या डोक्यात जातो, दुसऱ्यात एका मधल्या माणसाच्या माथी. साखर कारखाना, सहकार, कामगार कायदा आणि सरकारी दवाखाना हे चौघे दोन्ही गोष्टींतून अलगद निसटतात. इतिहास चाळला की हे चौघेच मध्यभागी उभे दिसतात.

६/
भूगोलापासून सुरुवात करावी लागते. बालाघाटच्या डोंगररांगेतील पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी हा भाग पर्जन्यछायेतला. १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात. याच काळात शेजारच्या नगर जिल्ह्यात पाटाच्या पाण्यावर ऊस उभा राहत होता. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला. पुढच्या काही दशकांत पश्चिम महाराष्ट्र साखरेचा प्रदेश बनला.

७/
शेतकरी या कारखान्याचा सभासद झाला. कारखान्याच्या आवारातला यंत्रचालक कामगार झाला. त्याला हजेरीपट, भविष्य निर्वाह निधी, संघटना मिळाली. मात्र ज्याच्यावाचून गव्हाणीत एकही ऊस पडत नाही, तो तोडणारा माणूस यातला कोणीच झाला नाही. तो मुकादमाचा माणूस राहिला. सहकाराच्या गौरवग्रंथांत हे पान बहुधा सापडत नाही.

८/
१९७२ च्या दुष्काळानंतर बीडहून कारखान्यांकडे जाणारी ही वाट कायमची रुळली. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि पट्टा पडला की उन्हाळ्यात परततात. निघण्यापूर्वी मुकादम ‘उचल’ देतो. ही आगाऊ रक्कम हंगामभर तोडलेल्या उसातून फिटते, किंवा फिटत नाही आणि पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते.

९/
आता शब्दांकडे पाहावे. नवरा-बायको मिळून जे श्रम होतात त्यांचे एकक ‘कोयता’. उचल कोयत्याला, मजुरी कोयत्याला. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. बाईचे नाव कुठल्याही वहीत स्वतंत्रपणे नोंदले जात नाही. ती एका अवजाराचा अर्धा भाग असते. लग्न झाल्याखेरीज पूर्ण कोयता होत नाही, हे व्यवहारातले साधे सत्य आहे, आणि बीडमधल्या बालविवाहांचा विचार त्याला वगळून करता येत नाही. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठरापूर्वी लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के, तर बीडमध्ये ४० टक्क्यांहून अधिक होते.

१०/
दुसरा शब्द ‘खाडा’. एक दिवस काम चुकले की दंड. २०१९ च्या वृत्तान्तांत वारंवार आलेली रक्कम होती ५०० रुपये. जोडीतील एक जण पडला तरी कोयता मोडतो, म्हणून दंड दोघांचा.

११/
एक नमुना हिशेब मांडून पाहू. जानेवारी २०२४ च्या करारापूर्वी तोडणीचा दर टनामागे २७३ रुपये होता. एका कोयत्याने दिवसाला दोन टन तोडले तर ५४६ रुपये. पाळीच्या दुखण्याने महिन्यात चार दिवस बुडाले, तर बुडालेली मजुरी २,१८४ आणि खाडा २,०००. महिन्याला ४,१८४. पाच महिन्यांच्या हंगामात २०,९२०.

१२/
खासगी दवाखान्यात पिशवी काढण्याचा खर्च वीस ते पस्तीस हजारांच्या घरात सांगितला जातो. म्हणजे शस्त्रक्रिया एक-दोन हंगामांत ‘वसूल’ होते. आता या बाईला अडाणी म्हणणाऱ्याने तिचा हिशेब चुकीचा असल्याचे आधी दाखवावे. तिला गणित येते. चूक त्या व्यवस्थेची आहे, जिथे स्वतःचा अवयव काढून टाकणे हा बेरीज-वजाबाकीत बसणारा पर्याय ठरतो.

१३/
आणि हे दुखणे येते कुठून? थळावर कोपी असते : ताडपत्री, बांबू, पाचट. संडास नाही, न्हाणीला आडोसा नाही. पहाटे अंधारात उठायचे, दिवसभर लघवी रोखायची, म्हणून पाणीच कमी प्यायचे. पाळीत कापड घ्यायचे तर ते धुवायला पाणी नाही आणि उन्हात वाळवायला जागा नाही. ‘डोकी सेंटर’ असेल तर उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे.

१४/
या जगण्यातून ठरावीक तक्रारी निपजतात. मूत्रमार्गाचा आणि योनिमार्गाचा जंतुसंसर्ग, त्यातून पांढरे पाणी अंगावरून जाणे. संसर्ग वर चढला तर ओटीपोटात सतत दुखणे. लहान वयातली बाळंतपणे, त्यानंतर विश्रांती न घेता उचललेले ओझे, आणि मग अंग बाहेर येणे. अंगावरून अति जाणे, त्यातून रक्तक्षय, आणि रक्तक्षयातून चक्कर.

१५/
यांतल्या बहुतेक दुखण्यांवर साधे उपचार आहेत. संसर्गाला त्या-त्या जंतूनुसार प्रतिजैविके किंवा बुरशीनाशक औषधे. रक्तक्षयाला लोहाच्या गोळ्या. अति रक्तस्रावाला रक्तस्राव आटोक्यात ठेवणारी औषधे, संप्रेरकांच्या गोळ्या, संप्रेरक सोडणारी तांबी. गर्भाशयात गाठ आहे का हे सोनोग्राफीने कळते, आणि गाठ आहे म्हणून गर्भाशय गेलेच पाहिजे असे नसते. कर्करोगाची शंका असेल तर गर्भाशयमुखाची तपासणी किंवा अस्तराचा तुकडा तपासून तिचे निरसन आधी करायचे असते.

१६/
गर्भाशय काढणे काही वेळा अत्यावश्यक असते, हेही स्पष्ट असावे. कर्करोग, फार मोठ्या गाठी, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, पूर्ण बाहेर आलेले अंग. या शस्त्रक्रियेने असंख्य स्त्रियांचे प्राण वाचले आहेत आणि तिला सरसकट बदनाम करणे हा दुसऱ्या टोकाचा अन्याय होईल. आक्षेप आहे तो पहिल्याच भेटीत शेवटचा उपाय सुचवण्यावर.

१७/
कारण त्याची किंमत आयुष्यभर चुकवावी लागते. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली, तर पस्तिशीतल्या बाईला एका दिवसात रजोनिवृत्ती येते. गरम वाफा, झोप उडणे, सांधे-कंबर धरणे, पुढे हाडे ठिसूळ होणे, हृदयविकाराचा वाढता धोका. अंडाशये ठेवली तरी रजोनिवृत्ती अलीकडे येऊ शकते. शिवाय शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड उचलायचे नसते. मोळी उचलणाऱ्या बाईला हे कोण सांगणार, आणि सांगितले तरी ती ते पाळणार कशी?

१८/
‘पण हे सगळे तेव्हा ठाऊक नव्हते’ असा बचाव केला जातो. तो इतिहासाने खोडून काढलेला आहे. जानेवारी १९८९ मध्ये डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ठिकाण महाराष्ट्रच : गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावे. ६५० स्त्रियांची तपासणी. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, सरासरी प्रत्येकीला तीनहून अधिक. आणि त्याआधी कधीतरी स्त्रीरोग-तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के.

१९/
या अभ्यासाने जागतिक आरोग्यधोरणाला धक्का दिला. तोवर गरीब देशांतील बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच मानले जात होते. गर्भार नसलेली, नसबंदी झालेली, अंगावरून जाणारी बाई कोणत्याच कार्यक्रमात बसत नव्हती. गडचिरोली ते बीड हे अंतर एका राज्याच्या नकाशात मावते. १९८९ ते २०१९ हे अंतर मात्र तीस वर्षांचे आहे, आणि त्या तीस वर्षांचा जाब ‘अज्ञाना’ला विचारता येत नाही.

२०/
बाईच्या मनात ‘पोरे झाली, आता पिशवीचे काम काय’ हा विचार कसा रुजला, याचाही इतिहास आहे. १९५२ मध्ये भारताने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. त्या काळातला जाच पुरुषांच्या नसबंदीचा होता. जनक्षोभानंतर पुरुषांवरचा हात निघाला आणि तोच कार्यक्रम बायकांकडे वळला.

२१/
२०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या जणींची नसबंदी झालेली होती. पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही आत. चार पिढ्या सरकारी दवाखान्याने बाईशी एकाच अवयवाबद्दल आणि त्याच्या एकाच कामाबद्दल बोलणे केले. दोन मुले, शस्त्रक्रिया, संपले. हा धडा बीडच्या बाईने नीट गिरवला, आणि मग तिलाच अडाणी ठरवण्यात आले.

२२/
बोलीतला शब्दही त्याच अर्थाचा. ‘गर्भाशय’ पुस्तकात; घरात ‘पिशवी’. रिकामी पिशवी बाळगायची कशाला?

२३/
अडाणीपणाच्या युक्तिवादाला परदेशी इतिहासही छेद देतो. १८७२ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया प्रांतात रॉबर्ट बॅटी या शल्यचिकित्सकाने पाळीच्या त्रासावर उपाय म्हणून निरोगी अंडाशये काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. पाहता पाहता ती अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर पसरली. ‘हिस्टेरिया’ हा शब्दच गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आलेला. बाईच्या अस्वस्थतेचे मूळ तिथे शोधण्याची खोड फार जुनी आहे.

२४/
१९५३ मध्ये जेम्स डॉइल यांनी अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात ३५ रुग्णालयांतील ६,२४८ शस्त्रक्रियांचा पडताळा मांडला. लेखाचे शीर्षकच ‘अनावश्यक गर्भाशय-उच्छेदन’ अशा अर्थाचे होते. त्या रुग्ण स्त्रिया बीडच्या नव्हत्या. जिथे शस्त्रक्रिया करणाऱ्यालाच शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात आणि दुसरे मत घेण्याची सक्ती नसते, तिथे शिकलेल्या बाईचेही गर्भाशय सुरक्षित नसते.

२५/
महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांवर देखरेख करणारा मुख्य कायदा १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा. केंद्राने २०१० मध्ये वैद्यकीय आस्थापनांसाठी नवा कायदा केला; महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. १९४९ च्या कायद्याचा रोख नोंदणी, जागा, कर्मचारी यांवर. पस्तिशीतील बाईचे गर्भाशय कोणत्या निदानावर काढले, हा प्रश्न विचारण्यासाठी तो घडवलेलाच नव्हता.

२६/
एक विसंगती विशेष नोंदवण्याजोगी. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. २०१२ मध्ये परळीतील स्त्रीभ्रूणहत्येचे प्रकरण उघड झाले. त्यानंतर जिल्ह्यातील सोनोग्राफी यंत्रांवर शासनाचे बारीक लक्ष राहिले, आणि ते योग्यच होते. म्हणजे गर्भाशयात काय वाढते आहे, याची चिंता शासनाने केली. ज्या बाईचे ते गर्भाशय, तिची मोजदाद व्हायला २०१९ चा गदारोळ व्हावा लागला.

२७/
याच जिल्ह्यात अंबाजोगाईला ग्रामीण भागासाठी म्हणून उभारलेले स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकापासून आहे. मग बाई तिथे का जात नाही? ती गावात असते पावसाळ्याच्या आगेमागे चार-सहा महिने. सरकारी दवाखान्यात आज तपासणी, मग सोनोग्राफी, मग अहवाल, मग तारीख. तितक्यात मुकादमाचा ट्रक दारात येतो. खासगी दवाखाना एका दिवसात निकाल लावतो. तिच्यापाशी नसलेली गोष्ट माहिती नव्हती, वेळ होती.

२८/
गर्भार बाईची कथा याहून कठीण. गावच्या आरोग्यसेविकेकडे तिचे नाव नोंदवलेले असते, पण पाचव्या-सहाव्या महिन्यात ती दुसऱ्या जिल्ह्यात, कधी कर्नाटकात असते. तिथल्या आरोग्यसेविकेच्या यादीत ती नाही. धनुर्वाताची लस, लोहाच्या गोळ्या, रक्तदाबाची तपासणी, सगळे मधेच तुटते. गरोदरपणात वाढलेला रक्तदाब आधी फारसा जाणवत नाही. तो मोजावा लागतो. तीव्र रक्तक्षय असलेल्या बाईला बाळंतपणातील थोडा अधिक रक्तस्रावही जिवावर बेततो. अशी बाई कोपीत, रानात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाळंत होते आणि खाड्याच्या भीतीने लवकर उभी राहते.

२९/
या बाईला बाळंतपणाची रजा असावी, हा विचार नवा आहे काय? २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, आणि जो मालक तिच्या श्रमातून लाभ घेतो त्याने या भाराचा काही वाटा उचलावा, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला. तो कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रियांसाठी होता.

३०/
१९६१ मध्ये केंद्रीय कायदा आला. २०१७ मध्ये पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. ऊसतोड करणाऱ्या बाईच्या पदरात यातले काहीच पडले नाही, कारण तिचे नाव हजेरीपटावर नाही. ऊस कारखान्याचा, तोडणीचा कार्यक्रम कारखान्याचा, वजनकाटा कारखान्याचा, तोडणी-वाहतुकीचे पैसे कारखान्याच्या हिशेबातून. फक्त बाई मुकादमाची. बाबासाहेबांचा मुद्दा लाभ घेणाऱ्याने भार उचलण्याचा होता. मुकादमाची रचना नेमकी तो मुद्दा मोडण्याच्या उपयोगी पडते.

३१/
मुकादम हा या गोष्टीतला खलनायक मानला जातो, पण तोही बहुधा त्याच गावचा, त्याच जातीचा, कारखान्याकडून उचल घेऊन अडकलेला असतो. त्याला दूर केले आणि रचना तशीच ठेवली, तर दुसऱ्या दिवशी दुसरा मुकादम उभा राहील. हे त्याच्या कृत्यांचे समर्थन नाही. साखरेच्या साखळीत सर्वांत स्वस्तात बळी देता येणारे पात्र तोच आहे, एवढेच.

३२/
२०१९ नंतर काहीच झाले नाही, असे म्हणणेही खोटे ठरेल. बीडमध्ये खासगी रुग्णालयाला गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. हंगामाला जाण्यापूर्वी आणि परतल्यावर महिलांची आरोग्य तपासणी सुरू झाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभे राहिले, आणि त्याच्यासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचे ठरले.

३३/
५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर निर्णय दिला. मूळ याचिका राजस्थान, बिहार आणि छत्तीसगड येथील प्रकरणांवरची, २०१३ सालची. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेल्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणाव्यात, असा आदेश झाला. याचिका ते निकाल, दहा वर्षे.

३४/
मार्च २०२४ मध्ये ‘द न्यूयॉर्क टाइम्स’ने हाच विषय जगापुढे नेला. महाराष्ट्राची साखर विकत घेणाऱ्या जगप्रसिद्ध शीतपेय कंपन्यांची नावे त्यात आली आणि काही दिवस मोठी चर्चा झाली. चर्चेतला एक सूर परिचित होता : परदेशी वृत्तपत्राने राज्याची बदनामी केली. बदनामी तर १३,८६१ या सरकारी समितीच्याच आकड्याने आधी झाली होती. तेव्हा कोणाला लाज वाटल्याचे दिसले नाही.

३५/
आता नवे आश्वासन तोडणी यंत्राचे आहे. यंत्र आले की हाल संपतील, म्हणे. यंत्र आल्यावर ज्या बाईने कामासाठी गर्भाशय दिले, तिचे काम जाईल. हाडे ठिसूळ झालेली, उचल न फिटलेली चाळिशीची बाई बालाघाटात परतून काय करील, याचे उत्तर यंत्राच्या अनुदानाच्या शासन निर्णयात शोधूनही सापडायचे नाही.

३६/
जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला : २७३ चे ३६६ रुपये. संप, बैठका, लवाद, सगळी ताकद लावून मिळालेली ही वाढ मोलाचीच. परंतु बोलणी टनाची झाली, मुकादमाच्या कमिशनची झाली. खाडा किती घ्यायचा, हे अजूनही टोळीत ठरते. आणि पैसे अजूनही कोयत्याच्या नावावर पडतात. बाईच्या खात्यात तिचा अर्धा वाटा थेट जमा करणे आणि पाळीचे, बाळंतपणाचे दिवस खाड्यातून वगळणे, या दोन मागण्यांना ना यंत्र लागते ना नवे धोरण. कारखान्याने मजूर म्हणून तिचे नाव लिहावे लागते.

३७/
जून २०२५ मध्ये बीडच्या आरोग्य विभागाच्या तपासणीचे आकडे पुढे आले. गर्भाशय काढून घेतलेल्या ऊसतोड महिला ८४३, त्यांतील ४७७ जणी ३० ते ३५ वयाच्या. गरोदर असताना उसाच्या फडात काम केलेल्या महिला १,५२३.